अरिंदम, भैरव आणि पुस्तकांची खोली

आमच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीतल्या मराठी मंडळाची पुस्तकांची खोली रिकामी करून तिथे रंगीत टीव्ही बसवायचे अध्यक्ष गुलाबराव साहेबांनी ठरवले, तेव्हा माझे मत विचारले नाही. मी ग्रंथपाल, पेशाने इतिहासाची प्राध्यापिका, आणि सेक्टर २ मधल्या त्या खोलीतली पुस्तके नागपूरहून पिशव्यांतून वाहून आणणारीही मीच; तेव्हा विचारण्याचे काही कारणही नव्हते.

"रत्नमालाताई, पुस्तकं कोन वाचून राहिलं आता?" एवढेच ते म्हणाले. "शनिवारच्या सभेत हात वर करून पास करून टाकू."

हात वर करणे हा आमच्याकडचा विधी होता. आधी साहेबांचा हात जायचा, मग त्यांच्या रोलिंग मिलमधल्या फोरमनांचा, मग क्लार्कांचा. बहुतेक सभासदांचे गोपनीय अहवाल साहेब लिहीत. साहजिकच मंडळात मतभेद म्हणून कधी झाला नव्हता. दरबारांविषयी मी पुष्कळ वाचले आहे. इतका शिस्तबद्ध दरबार कुठे आढळला नाही.

मतभेद संभवत होता तो 'नक्षत्रतळ' या रविवार सकाळच्या मालिकेविषयी. अवकाशातल्या एका ठाण्यावर दोन कमांडर होते. तरुण अरिंदमने वेढ्यात ठाणे राखले होते. सात वर्षे बेपत्ता असलेला भैरव परतून कमांडरच्या त्याच खुर्चीवर हक्क सांगत होता. शेवटचा भाग उरला होता, पण साहेबांचा निकाल कधीच लागला होता: भैरव आधी भरती झालेला, सबब खुर्ची भैरवाची. ठाणे अवकाशात असले म्हणून काय, सीनियॉरिटी लिस्ट असणारच! साहेबांचे सगळे खाते माना डोलवत होते.

शुक्रवारी फोरमन शेषराव पुस्तक परत करायला घरी आले. मी सहज विचारले, "तुम्हीही भैरवाचेच ना?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिले. "कायचा भैरव, ताई? ठाण्यावर गोळे पडत होते तवा हा कुठं होता? सारी मिल अरिंदमची आहे. पण साहेबासमोर कावून तोंड उघडू? माह्या प्रमोशनचं काय?"

मी त्यांना चहा दिला. कित्येक दिवसांनी मला प्रसन्न वाटत होते.

शनिवारी साहेब खोलीच्या ठरावाकडे वळणार, तोच मी उठले. "आधी थोडी गंमत, साहेब. उद्या खुर्ची कुणाला, याचा चिठ्ठ्यांनी कौल घेऊ. स्वतःचे नाव घालायचे नाही. नुसते 'अ' किंवा 'भ'."

"घ्या न!" साहेब खुलले. "निकाल तर मले आजच मालूम आहे."

चिठ्ठ्या प्रसादाच्या पितळी डब्यात जमल्या, आणि मंडळात प्रसाद वाटणाऱ्या राधाबाई एकेक काढून वाचू लागल्या. अ. अ. अ. आधी कुणीतरी खोकले, मग हशा पसरत गेला. 'भ' एकच निघाला, आणि तो हिरव्या शाईत होता. हिरवी शाई मंडळात एकाच खिशाला होती.

"कोनं कोनं लिहिलं हे?" साहेबांनी विचारले. सगळे पंख्याकडे पाहत होते.

"तेच कळत नाही ना, साहेब," मी म्हणाले. "कागद उरले आहेत. खोलीचा ठरावही असाच घेऊ. 'पु' म्हणजे पुस्तके, 'टी' म्हणजे टीव्ही."

"आपल्याकडं हात वर करायची पद्धत आहे, ताई."

"भैरव भेला काय?" मागच्या रांगांतून कुणीतरी ओरडले. कोण, ते याही वेळी कळले नाही. हसणाऱ्या सभेपुढे साहेबांना डबा सरकवण्याखेरीज मार्ग उरला नाही.

या वेळी हिरव्या चिठ्ठीला मोजक्या सोबतिणी मिळाल्या. टीव्हीचा मोह मी समजू शकते. पण 'पुं'चा ढीग राधाबाईंच्या ओंजळीत मावेना.

रविवारी खुर्ची भैरवालाच मिळाली. दुपारी मी कुलूप काढत होते, तेव्हा साहेब मुद्दाम स्कूटर थांबवून म्हणाले, "पाहिलं न ताई? सीनियॉरिटी!"

"पाहिलं. आपलाच विजय झाला, साहेब," मी मनापासून म्हणाले आणि पुस्तकांच्या खोलीचे दार उघडले.