डाव्या हाताची मूठ

मी एक जुनी लाकडी मूठ आहे. मित्रांनो, भंडारा जिल्ह्यातल्या एका फौजदाराच्या रिव्हॉल्व्हरला मला बसवलं होतं. आता मी पोलीस ठाण्यातल्या पत्र्याच्या डब्यात पडून आहे. इथे निवांतपणा आहे, पण मला झोप लागत नाही.

१९७६ साली फौजदार आनंदरावांच्या उजव्या हाताची दोन बोटं जीपच्या दारात चिरडली. डाव्या हाताने नेम साधला नाही, तर त्यांना कायमचं कचेरीत बसावं लागणार होतं. म्हणून टेकचंद सुताराने शिसवाच्या तुकड्यातून मला घडवलं आणि डाव्या अंगठ्यासाठी माझ्या कुशीत खोबण कोरली. नेमबाजी शिकवणारे मधुकरराव रोज त्यांच्यामागे उभे राहत.

"सिधं नको धरू, आनंदराव. आतमंधी थोडं कलू दे, अंगठा गच्च दाब. मंग उजवा डोळा आपसूक नेमावर येते. अन् रोज धरत जा, हात इसरते."

आनंदराव परीक्षेत पास झाले. साहेबांनी त्यांची पाठ थोपटली, तेव्हा मलाही मोठा अभिमान वाटला. मग दोन वर्षं मी कातडी म्यानात राहिले. दर शनिवारी मला तेल मिळायचं, हाताला सराव मात्र कोणी दिला नाही.

१९७८ च्या आश्विनात आसगावच्या तलावाच्या पाळीवर पिसाळलेलं कुत्रं आलं. शाळा सुटायची वेळ झाली होती. कुत्र्याच्या उजवीकडे चार पावलांवर तुलाराम नावाचा शेतकरी धानाला पाणी सोडत होता. लोकांनी हाका मारल्या, तर तो म्हणाला, "एवढं पाण्याचं दार उघडतो अन् येतो."

धावत आलेल्या आनंदरावांनी घाईने मला उपसलं आणि सरळ धरलं. अंगठा खोबणीत नव्हता. मला ते कळलं, पण मुठीला तोंड नसतं. चाप ओढताना हात उजवीकडे गेला आणि गोळी तुलारामच्या उजव्या मनगटातून आरपार गेली. कुत्रं शेवटी लोकांनी काठ्यांनीच मारलं.

चौकशीच्या कागदावर 'अपघात' असं लिहिलं गेलं. तुलारामची बोटं पुन्हा मिटली नाहीत.

पुढच्या कापणीला आनंदराव डावखुरा विळा घेऊन त्याच्या शेतावर गेले. टेकचंदनेच त्याला मूठ बसवली होती. मी कमरेलाच होते.

"कसा धरू, साहेब?" तुलारामने विचारलं.

आनंदराव त्याच्यामागे उभे राहिले. "सिधा नको धरू. आतमंधी थोडा कलू दे, अंगठा गच्च दाब. अन् रोज धरत जा, हात..."

तुलारामची बायको धुरपता पेंढ्या बांधत होती. तिने मान वर केली. "साहेब, रोज धरा लागते हे तुमाले पयलेपासून मालूम होतं?"

"होतं," आनंदराव म्हणाले.

मित्रांनो, मैदानावर नेमबाजी असली की आवाज या डब्यापर्यंत येतो. मग माझ्या खोबणीत एक अंगठा उशिरा येऊन बसल्याचा भास होतो. मी डोळे मिटू म्हटलं तरी मला डोळे नाहीत. तुम्ही वस्तूंना जपता, ते चांगलंच आहे. पण जे शिकलात त्यालाही जपा, त्याला रोज हात लावा. आनंदरावांकडे मला कधी ओरखडासुद्धा पडला नव्हता.