पैलवानाचे डोळे

अंगावर मांस नाही, म्हणून त्याचं नाव पैलवान. ठेवलं ते मास्तरने. हा दुकानांच्या पाट्या रंगवणारा, तो शाळेत चित्रकला शिकवणारा. पण मैत्री अशी, की एकाला ठेच लागली की दुसऱ्याने कळवळायचं.

म्हातारपणी दोघांनी एकाच कॅनव्हासवर दोघांचं चित्र काढायला घेतलं. अट एकच: ह्याने त्याला रंगवायचं, त्याने ह्याला; स्वतःच्या चेहऱ्याला हात लावायचा नाही. पैलवानने मास्तरला महिन्याभरात उरकलं. मास्तरचं सगळंच सावकाश. "तुझ्या नाकाला कसली घाई आहे रे? पळून जातंय थोडंच!"

नाक नाही पळालं, मास्तरची आठवण पळाली. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग घरचा रस्ता, मग पोटच्या मुलीचं नाव. "पण ब्रश दिला की हात चालतो हो ह्यांचा, भावजी," वहिनी म्हणाल्या. म्हणून पैलवान रोज सकाळी मास्तरच्या घरी येऊन खुर्चीत बसायचा. कपाळ झालं, नाक झालं, हनुवटीवरचा वणही झाला आणि वाळला. राहिले फक्त डोळे. मास्तर आपल्याला ओळखतोय तोवर ते व्हावेत, एवढंच त्याला हवं होतं.

त्या दिवशी स्वयंपाकघरातला नळ गळत होता. पैलवान तो आवळायला आत गेला आणि परत येऊन बघतो तर आपल्या चेहऱ्यावर भिंत! चित्रातली मागची पिवळसर भिंत मास्तरने पुढे आणून खुर्चीसकट सगळं झाकून टाकलं होतं. आणि भिंत तरी कशी? खिडकीचा उजेड तिच्यावर असा पडला होता, की पैलवानला तो सात जन्मांत जमला नसता. त्याला रडू आलं, आणि मेला हेवाही वाटला.

रंग ओला होता. टर्पेंटाइनचं फडकं फिरवलं असतं तर खालचा चेहरा निघाला असता. त्याने फडकं उचललंही.

"अहो, पुसू नका," मास्तर म्हणाला. "मोकळी जागा होती, भरून टाकली. तिथे कोणी होतं का?"

डोळ्यांवाचूनचा चेहरा वर काढून करायचं काय? आणि ते डोळे आता काढणार कोण?

"नाही," पैलवान म्हणाला, "कोणी नव्हतं." मग त्याच फडक्याने तो मास्तरची रंगाने माखलेली बोटं पुसू लागला.

"हलका हात आहे तुमचा," मास्तर खूश होऊन म्हणाला. "नवीनच आलात ना कामाला?"