मॅटीची गाडी आणि डिम्प्नाच्या गायी

मॅटी डॉलन मलिंगारच्या हॉस्पिटलात वारला, त्याची बातमी कार्मेल गेराटीला सगळ्या गावाबरोबरच कळली. उशिरा नाही, पण कुणाच्या आधीही नाही.

तिकडे सकाळच्या बातम्या संपल्या की रेडिओवर जिल्ह्यातल्या मृतांची नावं वाचतात. दोघी बहिणी चहाला बसल्या होत्या. नाव आलं तेव्हा थोरली डिम्प्ना पावाला लोणी लावत होती. तिचा हात थांबला. मग तिने उरलेलं लोणी नीट कडेपर्यंत लावलं आणि तो तुकडा कार्मेलच्या बशीत ठेवला.

"खा."

"मला नको."

"नको असलं तरी खा. दिवस मोठा आहे."

कार्मेलने खाल्ला. लहानपणापासून ती डिम्प्नाने दिलेलं खात आली होती.

गेराटींचं घर मलिंगारपासून आत, बोळासारख्या अरुंद रस्त्यावर. दोन्ही बाजूंना काटेरी कुंपण, मध्ये रस्ता, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना त्यांची रानं. बाप गेला तेव्हा रान आणि गायी डिम्प्नाने अंगावर घेतल्या, त्या चौऱ्याहत्तरीतही तिच्याच अंगावर होत्या. कार्मेल सहा वर्षांनी धाकटी. तिने मलिंगारच्या कापडदुकानात पडदे मोजून आणि कापून देण्यात आयुष्य काढलं. दुकान बंद झालं तशी घरी बसली. दोघींपैकी कुणाचंच लग्न झालं नाही. डिम्प्नाने कधी मनावरच घेतलं नाही. कार्मेलची गोष्ट वेगळी होती, आणि त्या गोष्टीचं नाव मॅटी डॉलन.

मॅटी पलीकडच्या शेतातला. दर शुक्रवारी तो संध्याकाळी पत्ते खेळायला यायचा. तिघं खेळायची, डिम्प्ना जिंकायची, आणि मॅटी म्हणायचा, "हिच्याशी खेळणं म्हणजे कर भरणं आहे." रविवारी मात्र तो फक्त कार्मेलला गाडीत घालून तळ्याकाठी न्यायचा. थर्मासमधला चहा, काचेबाहेर पाणी, आणि परत. तीस वर्षं हे असंच चाललं. मॅटीची आई होती तोवर तिला घरात दुसरी बाई नको होती. ती म्हातारी नव्वदी उलटून वारली, तेव्हा मॅटी स्वतःच साठीच्या पुढे होता. गावात लोक म्हणायचे, मॅटी अजून विचार करतोय. कार्मेलही हसायची. विचारायचं ते त्याने कधी विचारलं नाही, आणि तिने सुचवलंही नाही. त्या मुलखात माणसं गायीचा भाव तासभर घासतात, पण असल्या गोष्टीला तोंड फोडायचं म्हणजे त्यांना भर बाजारात कपडे काढल्यासारखं वाटतं.

मग करोना आला. एका घराने दुसऱ्या घरात जायचं नाही असा नियम झाला. मॅटी शुक्रवारी फाटकाशी ट्रॅक्टर थांबवायचा, इंजिन चालू ठेवूनच ओरडायचा, "जिवंत आहात का?" डिम्प्ना ओरडायची, "तुझ्या आवाजाने मेलो नाही तर आहोत." कार्मेल हात हलवायची. वर्षभर एवढंच.

एरवी त्या गावात माणूस गेला की त्याला घरी आणतात. पेटी उघडी, शेजारी खुर्च्या. माणसं येतात, मृताच्या हाताला हात लावतात, चहा पितात, त्याच्या गोष्टी सांगतात. त्याला पुरायला नेईपर्यंत एकटं ठेवत नाहीत. आता तेही बंद होतं. हॉस्पिटलातून चर्च, चर्चमधून थडगं, आणि चर्चमध्ये फक्त दहा माणसं.

दहात आपण असू, असं कार्मेलला वाटलं. ती फोनजवळ बसून राहिली. स्वतः फोन करण्याचा प्रश्नच नव्हता. मयताला जागा मागत नाहीत. ती कुणीतरी देतं.

दुपारी फोन आला. मॅटीचा भाचा डेक्लन, डून लेरी शहरात राहणारा, मामाचं सगळं तोच बघत होता. आवाज सभ्य आणि घाईतला.

"तुम्ही शेजारच्या गेराटी ना? मामांचं तुमच्याकडे जाणंयेणं होतं असं ऐकलं. खूप आभार हं तुमचे. कार्यक्रम घरच्यांपुरताच ठेवावा लागतोय, तुम्ही समजू शकता. पण सगळं इंटरनेटवर दिसेल. तुम्हाला लिंक पाठवतो."

"बरं," कार्मेल म्हणाली. "तुम्ही काळजी घ्या."

डिम्प्ना दारात उभी होती. "काय म्हणाला?"

"लिंक पाठवतोय."

"लिंक!" डिम्प्नाने बुटाचा चिखल पायरीवर घासला. "तू त्याला सांगितलंस का?"

"काय सांगू?"

"तू कोण ते."

"कोण आहे मी?" कार्मेल म्हणाली.

 डिम्प्ना वासरांकडे निघून गेली.

संध्याकाळी अश्लेषा आली. ही पुण्याची मुलगी मलिंगारच्या एका वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनियर होती, आणि नवऱ्याबरोबर रस्त्याच्या टोकाच्या घरात भाड्याने राहायची. म्हाताऱ्यांनी बाहेर पडू नये असं सरकारने सांगितल्यापासून दोघींचं वाणसामान तीच आणायची. सत्तरीच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणं तिच्या जिवावर यायचं, म्हणून ती दोघींना आँटी म्हणायची. डिम्प्ना तिला दर वेळी बजावायची, "मला भाऊ नाही, मग मी कुणाची आँटी?" आणि दर वेळी तिच्या पिशवीत अंडी घालायची.

अश्लेषाने सामान भिंतीवर ठेवलं आणि मागे सरकली. "आँटी, ग्रुपवर मेसेज आलाय. परवा शववाहिका जुन्या रस्त्याने येणार आहे, मॅटींच्या घरावरून. म्हणजे तुमच्या फाटकावरूनच. लोकांनी आपापल्या दारात उभं राहायचं."

"थांबेल ना इथे?" कार्मेलने विचारलं.

"नाही. कुठेच थांबायचं नाही म्हणे. थांबली की गर्दी होते."

अंगणात बादली धूत असलेल्या डिम्प्नाने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"तुमचे ते फार जवळचे होते ना?" अश्लेषाने हळूच विचारलं.

"पत्ते बरे खेळायचा," कार्मेल म्हणाली.

"बरे कसले!" डिम्प्ना बादलीतूनच बोलली. "राजा हातात असला की त्याचे कान लाल व्हायचे."

अश्लेषा हसली, मग हसावं की नाही हे न कळून रिकाम्या पिशवीची घडी करू लागली.

त्यानंतरच्या दिवशी कार्मेलने निळा कोट ब्रश केला. तिच्या मनाने आता मागणं पुष्कळ कमी केलं होतं. चर्च नको, जागा नको. गाडी फाटकावरून जाईल तेव्हा काचेतून पेटी दिसावी, आणि तेवढ्यात काहीतरी मनातल्या मनात म्हणता यावं. काय म्हणायचं ते मात्र तिला सुचत नव्हतं. जाणाऱ्या गाडीला माणूस किती बोलणार?

अंत्यविधीच्या सकाळी ती लवकर तयार झाली. पाऊस नव्हता, नुसतं ढगाळ होतं. डिम्प्ना स्वयंपाकघरात आली ती गमबूट आणि फाटक्या खिशाचं जाकीट घालून.

"आज तरी बूट बदल," कार्मेल म्हणाली.

"गायींना सांग मग, आज सुट्टी आहे म्हणून."

"एक दिवस, डिम्प्ना. माणूस गेलाय."

"माणूस गेलाय. गायी आहेत ना?" असं म्हणून ती मागच्या दाराने गेली.

कार्मेलला आयुष्यात फार वेळा राग आला नव्हता. पण फाटकाशी जाऊन उभी राहिली तेव्हा तिने हातमोजे हिसका देऊन मनगटापर्यंत ओढले. हिला कधी कुणाचं पडलेलं नव्हतं, तिला वाटलं. मॅटी यायचा तेव्हाही पत्त्यांपलीकडे हिने कधी त्याला खुर्चीत नीट बसू दिलं नाही. रविवारी परत यायला जरा उशीर झाला तर दारात उभी राहून विचारायची, "पेट्रोल संपलं होतं का?"

वळणावर काळी गाडी दिसली. मागे दोन गाड्या, बस. त्या सगळ्या सावकाश येत होत्या, पण थांबण्याइतक्या सावकाश नाही. रस्त्याच्या टोकाला अश्लेषा आणि तिचा नवरा मान खाली घालून उभे होते. गाडी त्यांच्यासमोरून पुढे आली. कार्मेलने तोंडावरचा मास्क सारखा केला.

एवढ्यात शेजारचं लोखंडी फाटक खडखडलं आणि गायी रस्त्यावर आल्या.

पुढे जुनी लाल गाय, मागे बाकीच्या, त्यांच्या पायांत वासरं, आणि सगळ्यांच्या मागे काठी घेऊन डिम्प्ना. बघता बघता रस्ता या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत भरून गेला.

"डिम्प्ना!" कार्मेल ओरडली. "आत्ता नाही गं! गाडी आली!"

"आली तर आली. मी काय गायींना घड्याळ घालू?"

"आत घे त्यांना! आत घे आधी!"

डिम्प्नाने काठी उचलली, पण तिने ती गायींवर उगारली नाही. तिने काठीने समोरचं फाटक ढकललं. ते आधीपासूनच नुसतं टेकवलेलं होतं. समोरचं रान मुरघासासाठी, म्हणजे गुरांच्या हिवाळ्यातल्या साठवणीच्या चाऱ्यासाठी, राखलेलं होतं. वसंतात त्या गवतात गायीचं खूर पडायचं नाही, हा बापाच्या वेळचा नियम. डिम्प्ना तो इतक्या कडकपणे पाळायची की एकदा तिथे चेंडू आणायला गेलेल्या पोरांनाही तिने हाकललं होतं. त्याच गुडघाभर गवताकडे ती आता स्वतःच्या हाताने गायी वळवत होती. वळवतही नव्हती. रस्त्यात उभ्या राहू देत होती.

कार्मेल बघत राहिली. मग तिचं ओरडणं थांबलं.

शववाहिका येऊन उभी राहिली. जुनी गाय पुढे झाली आणि तिने काळ्या बॉनेटचा वास घेतला. चालवणारा म्हातारा मलिंगारचाच; त्याने गायीकडे पाहिलं, डिम्प्नाकडे पाहिलं, फाटकाशी निळ्या कोटात उभ्या असलेल्या बाईकडे पाहिलं, आणि इंजिन बंद केलं. टोपी काढून मांडीवर ठेवली.

मागच्या गाडीतून डेक्लन उतरला. चांगले बूट, त्यांना लगेच शेण लागलं.

"किती वेळ लागेल याला?"

"गायींना विचार," डिम्प्ना म्हणाली.

"फादर वाट बघताहेत. आम्हाला वेळ ठरवून दिलाय."

"तुझ्या मामाने या गायींसाठी जन्मभर ट्रॅक्टर थांबवला. आज त्यालाच घाई आहे होय?"

त्यावर डेक्लनने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. आणि तोवर कार्मेल फाटकातून निघाली होती.

ती वासरांच्या मधून वाट काढत गाडीपाशी गेली. पेटी फिक्या लाकडाची होती, वर फुलांचं एकच चक्र. तिने हातमोजा काढला आणि तळवा काचेला लावला. काच गार होती. म्हणायचं ते अजूनही सुचलं नाही. ती नुसती उभी राहिली, आणि गायी सावकाश तिच्या मागून गवतात शिरत राहिल्या.

म्हातारा ड्रायव्हर खाली उतरला. कुणाला न विचारता मागे गेला आणि मागचं दार वर उचललं. मग चार पावलं दूर जाऊन कुंपणाकडे तोंड करून उभा राहिला. कार्मेलने हात आत घालून लाकडावर ठेवला. "खुळ्या," ती म्हणाली, आणि मग आणखी काहीतरी, जे कुणालाच ऐकू गेलं नाही.

डेक्लन जवळ आला, पण अंतर राखून. "माफ करा," तो म्हणाला. "फोनवर आपण बोललो. तुम्ही शेजारच्याच ना?"

"नाही," कार्मेल म्हणाली.

ती त्याच्याकडे वळली नाही. पण तो शब्द मागच्या गाडीच्या उघड्या काचेपर्यंत स्वच्छ गेला.

"मग..."

"शेजारची डिम्प्ना. मी मॅटीची."

रस्त्यावर उरलेल्या एका वासराने हंबरडा फोडला. डिम्प्ना त्याला ढकलत होती, आणि तिची पाठ या सगळ्याकडे होती.

डेक्लनने मागच्या गाडीकडे पाहिलं, मग चर्चच्या दिशेने, मग स्वतःच्या बुटांकडे. आत बसणारी माणसं ठरलेली होती. त्यांतल्या कुणाला उठवणार? 

"चर्चमध्ये मी काही करू शकत नाही," शेवटी तो म्हणाला. "पण रस्त्यावर चालायला कुणाची बंदी नाही. इथून चर्चपर्यंत गाडीमागे तुम्ही चला. पहिल्या तुम्ही. आम्ही तुमच्या मागे येतो."

त्या गावात शववाहिकेच्या लगेच मागे कोण चालतं हे शहरात वाढलेल्या माणसालाही ठाऊक असतं. ती जागा बायकोची.

"माझी चाल हळू आहे," कार्मेल म्हणाली.

"चालेल."

म्हाताऱ्याने दार लावलं, टोपी घातली आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये सोडली. कार्मेल मागे निघाली. तिच्या मागे डेक्लन, त्याच्या मागे गाड्या. अश्लेषा आणि तिचा नवराही आपल्या दारातून निघून दुरून चालू लागले. कुणी सांगितलं नव्हतं. डॉलनांच्या फाटकावरून जाताना गाडी आणखी हळू झाली, आणि कार्मेलने त्या बंद घराकडे एकदा पाहिलं.

चर्च फार लांब नव्हतं. वळण घेईपर्यंत तिला मागून डिम्प्नाचा आवाज येत राहिला. राखलेल्या गवतात पसरलेल्या गायींना आता ती एकटी गोळा करत होती, आणि बापाला शोभतील अशा शिव्या देत होती.

कार्मेलने मागे वळून पाहिलं नाही. हातमोजा तिने परत घातला नव्हता.