उत्तर मला पाठ होतं

सकाळी चहाचा कप सासूबाईंच्या डाव्या हातातून निसटला आणि तो हात पुन्हा वर झालाच नाही. तासाभरात आम्ही हॉस्पिटल गाठलं. त्यांना इथली भाषा येत नाही, म्हणून दुभाषी मी. दहा वर्षं त्यांच्या प्रत्येक दुखण्याची वकिली मीच करतेय. प्रश्न पाठ, उत्तरंही पाठ. माझ्या नाकावर राग असतो, पण कामाला मी चोख, असा आपला माझा समज.

मेंदूत गुठळी अडकली होती. ती विरघळवणारं इंजेक्शन वेळेत गेलं, तर हात परत येण्याची आशा होती. नर्स सुई घेऊन उभीच होती. डॉक्टरबाई भराभर विचारत होत्या.

"डायबेटिस?"

"नाही."

"एवढ्यात एखादं ऑपरेशन?"

"नाही."

"डोक्याला मार?"

"नाही."

त्यांनी हातानंच नर्सला थांबवलं. "तुम्ही त्यांना विचारलंच नाहीत."

"मला माहीत आहे ना. एका घरात राहतो आम्ही."

"तरी विचारा. मार लागला असेल, तर या इंजेक्शननं डोक्यात रक्तस्राव होईल. जीव जाऊ शकतो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इथं घड्याळ पळतंय आणि ही बाई मला शिकवतेय. मी वाकून फणकाऱ्यानंच विचारलं, "आई, कुठं पडला-बिडला नाहीत ना? डोक्याला लागलं नाही ना?"

त्या जड जिभेनं म्हणाल्या, "रागावणार नाहीस ना?"

"नाही रागवत. बोला लवकर."

"परवा बाथरूममध्ये घसरले गं. डोकं नळावर आपटलं. थोडा वेळ काही कळेचना."

मी त्यांचे केस बाजूला केले. हे एवढं टेंगूळ. दोन दिवस त्या स्वतःची वेणी स्वतः घालत होत्या आणि मला बरं वाटलं होतं, तेवढंच एक काम कमी.

मी सांगितलं. सुई ट्रेमध्ये परत गेली. "दुसरं काही करता येतं का बघू," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हाताचं मात्र सांगता येत नाही. यांनी घरी का नाही सांगितलं?"

वय झालं, विसरल्या असतील. उत्तर जिभेवर तयार होतं. ते गिळलं आणि सासूबाईंना विचारलं.

"तू ओरडतेस ना, म्हणून," त्या म्हणाल्या. "पण हे त्यांना नको सांगू हं. तुला नावं ठेवतील."

मी डॉक्टरबाईंकडे वळले आणि शब्दाला शब्द सांगितलं. शेवटचं वाक्यसुद्धा.