धाकटीच्या पाठीतली पहारेकरीण

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी पेशी आहे. रक्तात हिंडायचं, परकं कोण ते ओळखायचं आणि त्याचा निकाल लावायचा, हे माझं काम. मी डोळ्यांना दिसणार नाही इतकी लहान आहे. स्वभाव मात्र मोठा आहे.

माझा जन्म मोकपो शहरातल्या मालसुनबाईंच्या हाडातला. बाई सार्वजनिक न्हाणीघरात लोकांच्या पाठी घासून देत. हिरवा खरखरीत हातमोजा चढवला की मळाच्या वळ्या निघेपर्यंत थांबत नसत. आम्हा पेशींची शाळा बाईंच्या छातीतल्या एका ग्रंथीत होती. विषय एकच: आपलं कोण, परकं कोण. नापास झालेल्यांना पुन्हा परीक्षेला बसवत नसत, संपवूनच टाकत. मी पास झाले. मात्र ‘आपलं’ म्हणजे मालसुनबाईंचं, एवढंच मला शिकवलेलं होतं.

पुढे बाईंच्या धाकट्या बहिणीला, कुमहीला, रक्ताचा कर्करोग झाला. बाईंच्या रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी काढून तिला दिल्या. त्यांच्यासोबत मीही गेले. औषधांतून निसटलेल्या कर्करोगाच्या पेशी आम्ही हुडकून मारल्या. तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर प्यो म्हणाल्या, “ताईंच्या पेशी भारी कामसू आहेत हं!” असं कौतुक मी पुन्हा ऐकलं नाही.

कुमही घरी आली आणि काही आठवड्यांनी तिच्या तळहातांवर, कानांवर, पाठीवर लाल पुरळ उठलं. ते आमचंच काम. बहिणी सख्ख्या असल्या तरी कातडी हुबेहूब सारखी नसते. मला ती परकी दिसली. ‘पुरळ दिसलं की लगेच या,’ असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण पाठीच्या बाबतीत मालसुनबाई डॉक्टरला कशाला विचारतील? त्यांनी हातमोजा चढवला.

“किती मळ साचवलायस गं! मुळे पेरले तर उगवतील या पाठीवर.”

“ताई, हळू! कातडं माझं आहे.”

“तुझं कसलं? आत रक्त माझंच वाहतंय ना? मग गप बस.”

मित्रांनो, कातडी सोलवटली की तिथून मदतीची हाक जाते. आम्ही झुंडीने धावलो. शत्रू सापडेना, म्हणून कातडीलाच शत्रू ठरवलं. पाठीवर फोड आले, साल सुटू लागली. कुमहीला पाठ टेकवेना, ताप चढला. आता तिच्या जिवाचाच प्रश्न होता.

“कोणी घासलं?” डॉक्टर प्योंनी विचारलं.

“मी. धंदाच आहे माझा.” बाईंचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

“तुमच्या पेशीही आत तेच करताहेत.”

“मग काढून टाका मेल्यांना!”

“आणि कर्करोग परत आला तर पहारा कोण देणार? त्यांना हाकलायचं नाही, शांत करायचं.”

औषधं आली, मलमं आली. माझ्या बऱ्याच मैत्रिणी त्यात गेल्या. मी पेंगत राहिले. कातडी सावकाश भरून आली.

तेव्हा मित्रांनो, दुसऱ्याच्या पेशी घेतलेल्या माणसाच्या कातडीला जपा. तिला घासू नका, उन्हात तापवू नका, आणि पुरळ दिसलं की आपली विद्या न पाजळता डॉक्टरांना दाखवा.

परवा मालसुनबाईंनी कुमहीला अंघोळ घातली. हातात हातमोजा नव्हता, नुसता तळवा होता.

“ताई, अंघोळ घालतेयस की गुदगुल्या करतेयस?”

“गप गं. राहू दे थोडा मळ.”

मालसुनबाईंच्या तोंडून हे शब्द! मी तिथेच कातडीखाली होते. मीही स्वस्थ बसले.