अँडी साबोलची कार्बाइन

डेल्बर्ट कुझ्माला बंदुकांचं प्रेम होतं आणि बंदुका बाळगणाऱ्यांचा मनस्वी तिटकारा. दर फेब्रुवारीत पेनसिल्व्हेनियातल्या त्याच्या गावी बंबवाल्यांच्या हॉलमध्ये जुन्या बंदुकांचा बाजार भरायचा. कोपऱ्यात बायका कांद्यावर पिरोगी, बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, परतायच्या, पुरुष कागदी ताटल्या सांभाळत टेबलांमधून वाट काढायचे, आणि डेल्बर्ट हात मागे बांधून नाक मुरडत फिरायचा.

"खिचडी," एका टेबलापाशी तो म्हणे. पुढच्या टेबलापाशी पुन्हा, "खिचडी."

लोक ओशाळत. कुणी विचारलंच, की अर्धा तास गेला म्हणून समजा. या माणसाचं सगळं शहाणपण एकाच बंदुकीत मावत होतं, महायुद्धातल्या हलक्या कार्बाइनमध्ये. चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप आत येते, अशी ती. नमुना एकच, पण बनवणाऱ्या कंपन्या दहा. त्यात एक एरवी नाणं टाकलं की गाणं वाजवणारे जूकबॉक्स बनवणारी, एक टाइपरायटरवाली, कुणी मोटारींचे सुटे भाग करणारी. प्रत्येकीने आपल्या भागांवर मुंगीएवढी अक्षरं ठोकलेली. आधीच्या बंदुकांना सेफ्टीचं बटण, नंतरच्यांना कळ. आधी नेम धरायची मागची पट्टी नुसती उलटायची, नंतर ती सरकवता येऊ लागली. संगीन अडकवायची सोय तर युद्ध संपत आल्यावर झाली. पुढे सरकारी डेपोंत या बंदुका दुरुस्तीसाठी ढिगाने खोलल्या गेल्या आणि हाताला येईल तो भाग लावून पुन्हा जुळवल्या गेल्या. म्हणून डेल्बर्टचा नियम सोपा होता. सगळे भाग एकाच कंपनीचे असले तर बंदूक अस्सल, मिसळलेले असले तर डेपोतून आलेली खिचडी. आणि खिचडीचा मालक तिला कोरी म्हणाला, तर तो खोटारडा.

त्याच्या लेखी गावातला सर्वांत मोठा खोटारडा त्याच्याच घरातला होता. थोरल्या बहिणीचा, व्हर्नाचा, नवरा अँडी साबोल.

ईस्टरला सगळे व्हर्नाकडे जेवायला जमले की अँडी एखाद्या पोराच्या आग्रहावरून सांगायला लागे. "इंग्लंडात आमच्यासमोर पेटी फोडली. सार्जंटनं मेणकागदातनं काढून हातात दिली. चव्वेचाळीस साल. तेव्हापासून तिला माझ्याशिवाय कुणाचा हात नाही लागला. घरी आणली तीसुद्धा मीच, तुकडे करून, पोस्टानं."

"सांगाडा जूकबॉक्सवाल्यांचा," डेल्बर्ट हॅम कापता कापता म्हणे. "चापाची चौकट टाइपरायटरवाल्यांची. नेमाची पट्टी तिसऱ्याच कुणाची. पेटीतनं निघाली म्हणे! अँडी, भंगाराची पेटी होती ती."

पोरं खिदळायची. अँडीचे कान लाल व्हायचे.

"मी होतो ना तिथं, डेल."

"तू होतास रे. पण लोखंडावर लिहिलंय ते खोडणार कसं?"

असं कित्येक वर्षं चाललं. मग अँडीने पेटीची गोष्ट सांगणं सोडलं. पुढे युद्धाचीच गोष्ट सोडली. कार्बाइन कपाटात मागे गेली, आणि ईस्टरला अँडी बटाटे वाढून घेऊन गुपचूप जेवू लागला. डेल्बर्टला याचंही समाधान होतं. खोट्याचं तोंड बंद केलं, असं तो बायकोला सांगायचा. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस तो, त्याला कोण काय सांगणार?

ऑक्टोबरात अँडी गेला. माजी सैनिकांच्या क्लबाने त्याचा फोटो भिंतीवर लावायचं ठरवलं, आणि फोटोखाली काचेच्या कपाटात त्याची कार्बाइन. व्हर्ना ती घोंगडीत गुंडाळून भावाच्या तळघरात घेऊन आली. सत्तरीची बाई, दोन जिने उतरली, पण बसली नाही.

"खाली कार्ड लावायचंय," ती म्हणाली. "'नवी मिळाली, शेवटपर्यंत त्याच्याच हाती राहिली.' क्लबवाले म्हणतात, डेल्बर्ट हो म्हणाला तर लिहू."

"आणि मी नाही म्हणालो तर?"

"तर नुसतं नाव. मला एवढंच हवंय, की तू एकदा ती पूर्ण उघडून बघ. अँडी खोटं बोलायचा का, ते मला सांग."

"ते तर मी चाळीस वर्षं सांगतोय."

"जेवणाच्या टेबलावर सांगितलंस. वरवर बघून. आता नीट बघ आणि सांग. मग मी पुन्हा विचारणार नाही."

ती गेल्यावर डेल्बर्टने बंदूक उघडली. पाच मिनिटांत त्याचं झालं. चौकट टाइपरायटरवाल्यांची, पट्टी तिसऱ्यांची, गोळी आत ढकलणारा बोल्ट आणखी कुणाचा. काय नीट बघायचं यात? खिचडी ती खिचडी. पण मग त्याला दया आली. त्याची दयाही तिरस्कारासारखीच होती, वरून खाली टाकलेली. बिचारी व्हर्ना खोटारड्याच्या नावाला कवटाळून बसली आहे, तर आपणच खोट्याला खरं करून दाखवू, असं त्याने ठरवलं. सांगाडा ज्यांचा, त्या जूकबॉक्सवाल्यांचे, त्या महिन्यांतले सगळे भाग त्याच्याकडे होते. या छंदातली माणसं हेच करतात, आणि याला 'दुरुस्त करणं' म्हणतात.

चौकट बदलली, बोल्ट बदलला, लाकडी दस्ता बदलला. नेमाची पट्टी मात्र खाचेतून हलेना. हातोडीचे घाव घालून त्याला घाम फुटला. निघाली तेव्हा खालचं लोखंड कोरं करकरीत होतं. "गंजून बसली होती वाटतं," डेल्बर्ट म्हणाला. चकचकीत लोखंडावर गंजाचा आळ घेणारा हा पंचक्रोशीतला तज्ज्ञ! काढलेले भाग त्याने आपल्या सवयीने कॉफीच्या पत्र्याच्या डब्यांत टाकले. चौकटी चौकटींत, पट्ट्या पट्ट्यांत. दस्ता कोपऱ्यातल्या दस्त्यांच्या ढिगात गेला.

मग त्याने व्हर्नाला फोन केला. "लिहू दे कार्ड. सगळं ठीक आहे."

पलीकडे व्हर्ना रडली. "म्हणजे खरं बोलायचा ना रे तो?"

"कार्ड लिहू दे म्हटलं ना," डेल्बर्ट म्हणाला आणि आपल्या मनाच्या मोठेपणावर खूश झाला.

रविवारी क्लबात पंचवीस-तीस माणसं जमली. व्हर्नाने अक्रोडाचा रोल भाजून आणला होता आणि ती ताटली घेऊन प्रत्येकापुढे जात होती. कित्येक वर्षांत ती इतकी मोकळी दिसली नव्हती. ज्याला त्याला ती कार्ड वाचायला लावत होती.

लॉइड बोयर नावाचा म्हातारा काचेला नाक लावून उभा होता. तोही कार्बाइनवाला. डेल्बर्ट त्याला गुळमुळ्या म्हणायचा, कारण लॉइड कधीच काही ठाम सांगत नसे.

"फारच जुळतंय रे हे," लॉइड म्हणाला. "सगळं एका कंपनीचं. अँडीकडे अशीच होती?"

इथे गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण कौतुकाचा घास समोर आलेला, आणि तो अँडीच्या तोंडात पडतोय हे डेल्बर्टला सोसवेना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"अशीच? छ्या! निव्वळ खिचडी होती. मी उभी केली ही. चौकट टाइपरायटरवाल्यांची होती, माहितेय?"

लॉइडने मान वर केली. "सांगाडा कधीचा?"

"चव्वेचाळीसच्या सुरुवातीचा."

"मग ती तशीच निघाली असेल की कारखान्यातनं. एकाकडचे भाग संपले की दुसऱ्याकडनं यायचे, सरकारच वाटून द्यायचं. लढाई चालू होती बाबा, अक्षरं जुळत नाहीत म्हणून कोण थांबणार? डेपोत गेलेली निराळी ओळखतात. दस्त्यावर डेपोचा शिक्का होता?"

"शिक्का..." डेल्बर्ट आठवू लागला. "नव्हता."

"नेमाची पट्टी सहज निघाली?"

"हातोडी चालवावी लागली."

"खाली लोखंड कसं होतं, डेल?"

"कोरं."

"आधी कुणी काढली असती तर तिथं ओरखडे असते. मग ती कधी काढलेलीच नव्हती. पहिल्यांदा तू काढलीस." लॉइड हळहळला. "मी जन्मभर अशी एक शोधतोय, कुणी हात न लावलेली. शंभरात एक नसते."

व्हर्ना ताटली घेऊन मागेच उभी होती. डेल्बर्टला ती दिसली तेव्हा ताटली टेबलावर ठेवून तिने हात पुसले होते.

"लॉइड, मला सोप्या शब्दांत सांगा. अँडी खरं बोलत होता?"

"अक्षरन्अक्षर खरं, व्हर्नाबाई."

"आणि या कपाटात आहे ती त्याची नाही."

"सांगाडा आणि नळी त्याची. बाकीचं डेलचं."

ती भावावर ओरडली नाही. ओरडली असती तर डेल्बर्टला उलट बोलता आलं असतं, उलट बोलणं त्याला येत होतं. ती फक्त म्हणाली, "चल घरी. त्याची होती तशी करून दे."

तळघरात डेल्बर्टने खाली वर्तमानपत्र पसरलं आणि चौकटींचा डबा उपडा केला. टाइपरायटरवाल्यांच्याच डझनभर निघाल्या. त्याने एक उचलली, दिव्याखाली धरली, ठेवली. दुसरी उचलली. सगळ्यांवर तीच अक्षरं, सगळ्यांचा रंग तोच. दहा कंपन्यांच्या चौकटी तो डोळे मिटून बोटांनी ओळखायचा, बाजारात पैजा लावून ओळखून दाखवायचा. एका माणसाची चौकट कशी ओळखायची, हे त्याने कधी शिकून घेतलंच नव्हतं. मग त्याने पट्ट्यांचा डबा ओतला. त्यांचंही तेच झालं.

"कुठली?" व्हर्नाने विचारलं.

"थांब जरा."

ती थांबली. कोट अंगावरच होता.

शेवटी त्याने एक चौकट बाजूला ठेवली. "ही... ही असेल."

"असेल?"

"बहुतेक हीच. आता तसा काही पुरावा—"

"चाळीस वर्षं, डेल," व्हर्ना म्हणाली. "चाळीस वर्षं तू माझ्या नवऱ्याला माझ्याच टेबलावर एकदासुद्धा 'असेल' म्हणाला नाहीस."

तिने ती चौकट उचलून बाकीच्यांत टाकली, पर्स खांद्याला लावली आणि कठडा धरून जिना चढायला लागली.

"व्हर्ना, अगं ईस्टरला येऊ ना आम्ही?" त्याने खालून विचारलं.

वर दार लागल्याचा आवाज आला.