काकूंचं पाठांतर

विभावरीकाकूंना इंग्रजी येत नव्हतं, पण तेवढं एक उत्तर त्यांचं तोंडपाठ होतं. "नो शुगर, नो बीपी, नो टॅब्लेट." नात गार्गी डॉक्टर व्हायची आणि प्रश्न विचारायची, काकू सोफ्यावर ताठ बसून उत्तर द्यायच्या. अडखळल्या की पुन्हा पहिल्यापासून. बरोबर आलं की गार्गी टाळ्या वाजवायची, "व्हेरी गुड, आजी!"

मी इथे आखातात, अल मन्सूरा भागात, त्यांच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहते, एका क्लिनिकमध्ये नर्स आहे. एकदा केक द्यायला वर गेले आणि हा खेळ बघून माझं डोकंच फिरलं.

"अमेय, हे काय शिकवताय तुम्ही आईला?"

काकूंचा मुलगा अमेय रास लफानच्या गॅस प्लांटवर इंजिनिअर. माणूस वाईट नाही, पण अति शहाणा. म्हणाला, "अगं जॅनेट, व्हिजिट व्हिसाचा विमा आहे तो. फक्त इमर्जन्सी. जुनं दुखणं निघालं की खलास, कंपनी हात वर करते. आमच्या सुरेशच्या सासऱ्यांचं तेच झालं."

"मग विमावाल्यांशी काय ते बोल. डॉक्टरशी खोटं बोलू नये रे."

"डॉक्टर लिहितो तेच विमावाले वाचतात. आणि टेन्शन कशाला घेतेस? इन्शाल्ला वेळच येणार नाही."

काकू मध्येच म्हणाल्या, "जॅनेट, असू दे गं. माझ्यापायी पोराला भुर्दंड नको." आई आणि मुलाचं एकमत झाल्यावर शेजारणीने किती बोलायचं?

काकूंचं जुनं दुखणं म्हणजे पायाच्या शिरेत झालेली रक्ताची गुठळी. नाशिकच्या डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू केली होती, ती त्या नेमाने घेत. इथे आल्यावर मात्र गोळ्यांची पाकिटं कपाटात साड्यांच्या खाली गेली; रोजची गोळी चालूच होती, पण चोरून. आजार चोरून ठेवायची आपल्याकडे रीतच आहे. मुलीचं लग्न ठरेपर्यंत लपवतात, तसा विमा संपेपर्यंत लपवायचा.

एका सकाळी काकू बाथरूममध्ये घसरल्या आणि बेसिनची कड कपाळाला लागली. अमेय शिफ्टवर होता आणि प्लांटमध्ये आत फोन नेऊ देत नाहीत. सून नमिता त्यांना टॅक्सीने हॉस्पिटलात घेऊन गेली. टेंगूळ सुपारीएवढंच होतं. काकू स्वतःच्या पायांनी चालत आत गेल्या.

डॉक्टर तरुण होता, बोलायला गोड. त्याने विचारलं आणि काकूंनी धडाधड उत्तर दिलं. तो हसला. मग नमिताकडे वळून म्हणाला, "नक्की? रक्त पातळ करायचं काही चालू नाही ना? ते असेल तर मला लगेच डोक्याचा स्कॅन करावा लागेल."

नमिताने अमेयला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. काकूंनी तिचा हात दाबून धरला होता.

"नाही," नमिता म्हणाली.

शुद्ध हरपली नव्हती, उलटी नव्हती, वय फार नव्हतं. डॉक्टरने तपासलं, काही वाटलं तर लगेच परत या म्हणून बजावलं आणि घरी पाठवलं. त्या बिचाऱ्याला काय दोष द्यायचा?

दुपारी मी ड्यूटीवरून येते तोच नमिता धावत खाली आली. "आई उठतच नाहीत गं. हाक मारली की नुसतं हूं करतात."

मी वर गेले. काकूंचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं, डावा हात उचलला तर धपकन खाली पडला. "गोळीचं सांगितलंस ना सकाळी?" मी विचारलं. नमिताने मान खाली घातली. तिच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं मला, खरंच वाटलं. पण अॅम्ब्युलन्स बोलवायची होती.

हॉस्पिटलात कुणी विचारायच्या आत मीच सगळं सांगून टाकलं. सकाळच्या तरुण डॉक्टरच्या जागी आता डॉक्टर उसामा होते, त्यांनी वाकून काकूंना विचारलं, "मॅडम, टॅब्लेट?" काकूंनी अर्धवट डोळा उघडला. जीभ वळत नव्हती तरी म्हणाल्या, "नो... नो टॅब्लेट." मला रडू फुटलं.

तेवढ्यात अमेय पोचला, अंगावर अजून प्लांटचे कपडे होते. त्याने आईचा हात धरला. "आई, अगं सांग आता. सांगितलं तरी चालेल."

"हा उगाच घाबरतो," काकू पुटपुटल्या. "मला काही झालेलं नाही."

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. डोक्यात रक्त साचलं होतं. गोळीवरचा उतारा दिला, ऑपरेशन केलं. डॉक्टर उसामा आवाज न चढवता अमेयला एवढंच म्हणाले, "सकाळी कळलं असतं तर बरंच काही करता आलं असतं." त्यांनी आरडाओरडा केला असता तर अमेयला सोपं गेलं असतं.

काकू शुद्धीवर न येताच गेल्या. त्यांना घेऊन अमेय नाशिकला गेला. गार्गीची शाळा होती म्हणून नमिता मागे राहिली. संध्याकाळी ती माझ्याकडे येऊन बसायची. अमेय तिकडे कुणाशी बोलत नाही, जेवत नाही, म्हणत होती.

अशाच एका संध्याकाळी विमा कंपनीतून रहमान नावाच्या माणसाचा फोन आला. हॉस्पिटलचा खर्च मंजूर झाला होता. नमिताने फोन स्पीकरवर टाकला आणि चाचरत हिंदीत विचारलं, "पण त्यांची ती गोळी... जुना आजार होता ना?"

"मॅडम, पडणं म्हणजे अपघात," तो म्हणाला. "अपघातात आम्ही जुनं दुखणं बघत नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तरी मंजूरच झालं असतं."

नमिताने फोन ठेवला. मग म्हणाली, "जॅनेट, हे अमेयला कळता कामा नये. तो जगणार नाही."

खोटं बोलू नये म्हणून या घराला ओरडणारी मी.

"नाही कळणार," मी म्हटलं.